पव्व्यात सहा पेग असतात: दारूच्या उपचारांवर गावात अभ्यास करायला निघालेल्यांसाठी

वर्धा नदीच्या अलीकडे दारूबंदी आहे आणि पूल ओलांडला की दुकान आहे. आमचं रुग्णालय अलीकडे. मी इथे सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. दारूच्या उपचारांवरच्या अभ्यासांत मुलाखती घेणारी, समुपदेशन करणारी, तीन महिन्यांनी परत घर शोधत जाणारी माणसं लागतात. त्यांना तयार करणं हे माझं काम. कुणी एमएसडब्ल्यू करून येतं, कुणी नर्सिंग करून, कुणी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतं. वर्गातलं त्यांना बरंच येत असतं. छपरीत खाटेवर बसलेल्या माणसासमोर ते कसं वापरायचं, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

माझं सांगणं एका वाक्याचं आहे. माणसाला त्याच्या मापात, त्याच्या सणवारांत आणि भीतीविना सांगू द्या. तेव्हाच आकडा खरा येतो, आणि आकडा खरा नसेल तर उपचार लागू पडला की नाही हे कुणालाच कळत नाही.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राच्या पुढाकाराने देशभर सर्वेक्षण झालं. २०१९ साली त्याचा अहवाल आला. १० ते ७५ वयाच्या लोकांत १४.६ टक्के दारू पितात आणि ५ कोटी ७० लाखांना दारूसाठी मदतीची गरज आहे, असं त्यात आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. उरलेले ३७ व्यसनमुक्तीच्या ओपीडीत येत नाहीत. ते हाडाच्या वॉर्डात येतात, टीबीच्या रांगेत येतात, पिवळे डोळे घेऊन येतात. त्यामुळे तुमचं काम ‘दारूच्या रुग्णांपुरतं’ आहे असं समजून सुरुवात करू नका.

आधी जीव, मग फॉर्म

पहिल्या आठवड्यात मी कुणाच्या हातात प्रश्नावली देत नाही. दारू सुटताना शरीराचं काय होतं ते आधी शिकायचं, कारण त्यात माणूस दगावू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांनी काही जणांना डेलिरियम ट्रेमेन्स होतो: ताप, नाडी धावते, वेळकाळाचं भान जातं, अंगावर किडे दिसतात. खाटेवर बसून बैल हाकणारे, नसलेली विडी पेटवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. घरचे म्हणतात, “बाहेरचं लागलं,” आणि मांत्रिकाकडे न्यायची तयारी करतात.

हे बहुतेक वेळा कुठे घडतं? पाय मोडून भरती झालेल्या माणसाच्या तिसऱ्या दिवशी. साप चावून आलेल्याच्या, हर्नियाच्या ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी. म्हणून कोणत्याही कारणाने भरती होणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायची सवय लावा. शेवटची कधी घेतली? इथे ‘काल’ हे उत्तर पुरत नाही; सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, हे हवं. आणि याआधी कधी बंद केली होती तेव्हा फिट आली होती का, बडबड झाली होती का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हाव’, म्हणजे ‘हो’, आलं तर तुमची मुलाखत तिथेच थांबते आणि डॉक्टरांना त्याच मिनिटाला कळवायचं असतं. ताप, गोंधळलेपण, रक्ताची उलटी, डोक्याला मार, कावीळ, गरोदरपण, घरी बघायला कुणी नसणं, यातलं काहीही असलं तरी तसंच. उपकेंद्रात असाल तर १०८ बोलवा.

त्रासाची तीव्रता मोजायला सीआयडब्ल्यूए-एआर ही श्रेणी वापरतात. दहा बाबी, एकूण ६७ गुण. आठच्या आत सौम्य, पंधराच्या वर तीव्र असा साधारण हिशेब. बाबी पाठ होतात दोन दिवसांत, पण विदर्भातला मे महिना त्या श्रेणीत धरलेला नाही. चंद्रपूर-वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांत एसटीतून उतरून आलेला कोणताही माणूस घामाघूम असतो आणि त्याची छाती धडधडत असते. त्याला कूलरसमोर बसवा, पाणी द्या, अर्धा तास जाऊ द्या, मग गुण द्या. उलटंही लक्षात ठेवा: ज्याला नीट बोलता येत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याला डोक्याला मार लागून भान नाही, त्याच्यावर ही श्रेणी चालत नाही. तिचे अर्धे प्रश्न त्याच्या उत्तरांवर उभे आहेत.

आणि सलाईन. आमच्याकडे अंगात त्राण नाही म्हटलं की घरच्यांची पहिली मागणी “एक सलाईन लावून द्या न डॉक्टर” हीच असते. वर्षानुवर्षं पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. त्याला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळे फिरतात, तोल जातो, स्मरणशक्ती जाते, आणि गेलेली पुष्कळदा पूर्ण परत येत नाही. औषध लिहिणं तुमचं काम नाही, पण “सर, थायमिन दिलं का?” हे विचारणं तुमचं काम आहे. नव्या इंटर्नलाही विचारा. संकोच करू नका.

क्लोरडायझेपॉक्साइड, किंवा यकृत खराब असेल तर लोराझेपाम, ही सोडवणुकीच्या काळातली औषधं डॉक्टर कमी कमी करत नेतात. घरी पाठवताना गोळ्या कुणाच्या हातात दिल्या आणि रोज कोण मोजून देणार, हे तुमच्या नोंदवहीत नावानिशी असलं पाहिजे.

“एकच घेतो”

ऑडिट ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली. दहा प्रश्न, ० ते ४० गुण. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याचं, १६ ते १९ ला समुपदेशन आणि लक्ष ठेवणं, २० किंवा जास्तला अवलंबित्वाची नीट तपासणी. मराठीत भाषांतर हाती आलं की नवी मुलं वाचून दाखवायला लागतात: “साधारण ज्या दिवशी पिता त्या दिवशी किती ड्रिंक घेता?” समोरचा म्हणतो, “जास्त नाई माय, एकच.” मुलगी ‘१ किंवा २’ वर खूण करते. शून्य गुण.

त्या ‘एक’मध्ये काय असतं ते मोजून बघा. संघटनेच्या हिशेबात एक प्रमाणित पेग म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सूत्र सोपं आहे: मिलिलीटर गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.७९. १८० मिलीचा पव्वा, ४२.८ टक्के: ७७ मिली अल्कोहोल, म्हणजे जवळपास ६१ ग्रॅम. सहा पेग. नव्वदची शिशी तीन पेग. ६५० मिलीची बिअर पाच टक्क्यांची असेल तर अडीच, आठ टक्क्यांची असेल तर चार.

आता रोज एक पव्वा घेणाऱ्याचे पहिले तीन प्रश्न पुन्हा भरा. किती वेळा: आठवड्यातून चार किंवा जास्त, ४ गुण. किती: ‘५ किंवा ६’, २ गुण. एका वेळी सहा किंवा जास्त: रोज, ४ गुण. तीनच प्रश्नांत दहा झाले, धोक्याच्या रेषेपलीकडे. ‘एकच’ असं जसंच्या तसं लिहिलं असतं तर ४ अधिक ० अधिक ०, म्हणजे चार. तोच माणूस, तीच दारू. एका फॉर्मवर तो उपचाराला पात्र, दुसऱ्यावर अभ्यासातून बाहेर. मुलाखती घेणारे चार जण असतील आणि दोघं एका पद्धतीने, दोघं दुसऱ्या पद्धतीने लिहीत असतील, तर तुमच्या अभ्यासाचा निष्कर्ष औषधाबद्दल काहीच सांगत नाही. तो मुलाखत कुणी घेतली एवढंच सांगतो. मला या कामात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

म्हणून ‘ड्रिंक’ हा शब्दच विचारताना वापरू नका. काय घेता, कशात घेता, किती जण मिळून घेता, असं विचारा. देशी, इंग्लिश, हातभट्टी, मोहाची, वेगवेगळं विचारा. पव्वा दोघांत फोडतात की एकटा संपवतो? पाणी घालून की ‘कोरी’? पाणी घातल्याने अल्कोहोल कमी होत नाही, हे स्वतःही विसरू नका. घरी गेलात तर त्याचा नेहमीचा गिलास मागा, त्याच्याच हाताने त्यात पाणी ओतायला सांगा, जेवढी दारू ओततो तेवढंच, आणि ते पाणी मोजपात्रात ओता. हातभट्टीच्या बाबतीत अडचण खरी आहे: प्रत्येक भट्टीचा, प्रत्येक धारेचा कडकपणा वेगळा. तिथे टक्केवारी मनाने भरू नका. किती मिली, कितीची, कुठल्या गावची (भट्टीवाल्याचं नाव कधीही नाही) एवढं लिहा आणि रूपांतराचा नियम अभ्यास सुरू होण्याआधीच सगळ्यांनी मिळून ठरवा.

सुरुवात खर्ऱ्यापासून, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापासून, केलेली बरी. विदर्भात खर्रा विचारला तर कुणाला राग येत नाही. पन्नी खिशातून काढूनच दाखवतात. “दिवसाला किती?” मग “पहिला सकाळी कधी?” आणि तिथून दारूकडे सहज जाता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या असिस्ट या दुसऱ्या प्रश्नावलीतही तंबाखू पहिली येते.

गोंड, कोलाम, माडिया वस्त्यांत मोहाची दारू पूजेत असते, लग्नात असते, मयतीत असते. देवापुढची धार म्हणजे आजार नव्हे. बाया गाळतात, बायाही घेतात, आणि त्यांना ‘तुम्ही पण?’ अशा सुरात विचारलं की दार बंद. आदराने, सगळ्यांना विचारतो तसंच विचारा आणि मिली तेवढेच मोजा.

रक्ताची तपासणी करून खरंखोटं करता येईल असं काहींना वाटतं. जीजीटी हे यकृताचं एन्झाइम दारूने वाढतं, पण दुसऱ्या यकृतविकारांतही वाढतं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, दारूने वाढतो. पण पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यातले कितीतरी हायड्रॉक्सियुरिया घेतात आणि त्या गोळीनेही एमसीव्ही वाढतो. बी-१२ कमी असलं तरी वाढतो. तपासण्या जरूर करा, पण माणसाच्या तोंडच्या शब्दाला त्या पर्याय होत नाहीत.

पोळा, चुकारा आणि बाजाराचा दिवस

गेल्या तीन महिन्यांत कुठल्या दिवशी किती, हे काढायला टाइमलाइन फॉलोबॅक पद्धत वापरतात. लिंडा आणि मार्क सोबेल यांनी ती बसवली. समोर कॅलेंडर ठेवायचं, आठवणीला धरायला खुंट्या द्यायच्या आणि दिवस भरत जायचं. छापील इंग्रजी नमुन्यात खुंट्या म्हणून सुट्ट्या आणि वाढदिवस असतात. आपल्याकडे भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर घ्या. तारीख कुणाला आठवत नाही. पोळ्याची कर आठवते. आखाडी, तान्हा पोळा, दिवाळीनंतरची मंडई आणि रात्रीचं नाटक, सीतादही, होळी, कुणाचं लग्न, कुणाची तेरवी. आठवडी बाजाराचा दिवस आधी रंगवा, कारण आठवड्याची मजुरी बहुतेक त्या दिवशी हातात येते. कापसाचा चुकारा कधी मिळाला? तूर कधी विकली? मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, त्यानंतरचे आठवडे वेगळे. चंद्रपूरच्या माणसाला जुनं विचारताना “बंदी होती तेव्हा की उठल्यावर?” एवढं पुरतं: तिथे २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली.

एक गोष्ट पक्की ठेवा. न प्यायलेले दिवसही तितक्याच आस्थेने विचारा. “या आठवड्यात घेतली नाही, मग काय केलं?” यातून जे निघतं (सासरी गेलो होतो, पोरीला ताप होता, महिनाभर माळ घातली होती) ते समुपदेशनात सोन्यासारखं उपयोगी पडतं. आणि मोजणीसाठीही ते हवंच, कारण दोन गटांतला फरक पुष्कळदा ‘पूर्ण सोडली’ यात दिसत नाही, कोरड्या दिवसांच्या संख्येत दिसतो.

भीती

वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. तिथल्या लोकांनी ती लढून मिळवली आणि २०१६ पासून शासन, सर्च ही संस्था आणि टाटा ट्रस्ट मिळून मुक्तिपथ हा दारू-तंबाखू कमी करण्याचा जिल्हाभराचा कार्यक्रम चालवायला लागले. दारूबंदीच्या बायांविषयी मला मनापासून आदर आहे. मार खाल्लेल्या बायांनीच हंडे फोडले आहेत. पण मुलाखतीला जाताना बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंना सोबत नेऊ नका. पोलीस पाटलांना घर विचारू नका. बंदीच्या जिल्ह्यात “मी काल प्यालो” हे वाक्य म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली आहे असं माणसाला वाटतं, आणि त्याचं वाटणं चूक नाही.

फॉर्मवर नाव नको, क्रमांक हवा. नाव आणि क्रमांक जोडणारी वही वेगळ्या कुलपात. आशाताईंनी घर दाखवलं तरी त्या अंगणातच थांबतील, हे आधी बोलून घ्या. त्या त्याच गावच्या सुना असतात; त्यांनाही अवघड होतं. मोबाइलवर फॉर्मचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं, “सर, हे बरोबर भरलंय का?” म्हणून, हे मी पूर्ण बंद ठेवते. दारूच्या वापराशी जोडलेले मानसिक विकार २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात येतात आणि रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्या कायद्याने दिलेला हक्क आहे. साखळीने बांधून ठेवायलाही त्या कायद्याने बंदी आहे. एखाद्या ‘केंद्रात’ तसं दिसलं तर तुम्ही तिथे संशोधक असलात तरी गप्प बसायचं नाही, आपल्या प्रमुख संशोधकाला त्याच दिवशी लेखी कळवायचं.

संमती

प्यालेल्या माणसाची सही घेऊ नका. थरथरणाऱ्या, गोंधळलेल्या माणसाचीही नाही. त्याला बरं होऊ द्या, मग विचारा. आमच्याकडे सगळ्यात मोठी अडचण वेगळीच असते: बायको किंवा भाऊ म्हणतो, “लिहा न मॅडम, मी सांगतो त्याले,” आणि तो मान डोलावतो. सज्ञान माणसाची संमती दुसरं कुणी देत नाही. त्याला एकट्याला बसवा. मराठीत, गरज पडली तर वऱ्हाडीत किंवा गोंडी जाणणाऱ्याला घेऊन, समजावून सांगा आणि शेवटी त्यालाच म्हणा, “आता तुमच्या शब्दांत सांगा, मी काय बोलली?” ‘चिठ्ठी निघून कुठल्या गटात जाणार ते ठरतं’ हे त्याला सांगता आलं, आणि ‘नाही म्हटलं तरी औषध मिळतं’ हेही सांगता आलं, तर संमती झाली. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. आपला वॉर्डबॉय चालत नाही. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी, मात्र आचारसमितीने मान्य केलेलीच, आणि रोख दिली तर ती कुठे जाईल याचा विचार करून. आम्ही बसभाडं आणि जेवण देतो.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या आचारसंहितेतला संमतीचा आणि दुर्बल गटांचा भाग बैठक मारून वाचा. उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी तिची सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी झालेली असली पाहिजे. ती नोंदणी कुणालाही उघडून बघता येते, तुम्हीही बघा: आपण काय मोजणार म्हणून लिहून दिलं आहे, हे तिथे असतं.

बोलायला शिकणं

समुपदेशन फक्त मोठ्या पदव्यांच्या लोकांनीच करावं असं मानणाऱ्यांनी गोव्यातली चाचणी पाहावी. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटचे १२ ते १९ गुण असलेले ३७७ पुरुष घेतले. समुपदेशक व्यावसायिक नव्हते, शिकवून तयार केलेले साधे लोक होते, आणि सत्रं जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, नेहमीच्या उपचाराच्या गटातले २६ टक्के. आमच्या शेजारी अमरावती जिल्ह्यात विश्राम प्रकल्पाने ३० गावांत नैराश्यावर असंच गावपातळीवरच्या माणसांकडून काम केलं आणि मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे मी उमेद यावी म्हणून सांगते. पण गोव्यात दारू उघड मिळते, इथे चोरून मिळते. आणि त्या चाचणीत २० च्या वरचे, म्हणजे बहुधा अवलंबून असलेले, रुग्ण नव्हते. त्यांना डॉक्टर लागतोच.

शिकण्याची एकच रीत मला पटली आहे: जोड्या करून सराव, संमती घेऊन केलेली सत्रांची ध्वनिफीत, आणि दर आठवड्याला ती सगळ्यांनी ऐकून गुण देणं. फिती ऐकताना सुरुवातीला एकच आवाज येतो, समुपदेशकाचा. “तुम्हाला लहान लेकरं आहेत, विचार करा ना काका.” काकाजींना हे रोज घरी ऐकायला मिळतं. त्याऐवजी विचारा, “दारूत तुम्हाला काय बरं वाटते?” आधी तेच. तो सांगेल: अंग दुखत नाही, झोप लागते, कर्जाची आठवण येत नाही. मग, “आणि त्रास कायचा होते?” आता कारणं तो देतो, तुम्ही नाही. तो म्हणाला, “पोरगी बोलत नाही माह्याशी,” तर लगेच सल्ला नको. “पोरीचं बोलणं बंद झालं ते लागलं तुम्हाला” एवढंच म्हणा आणि थांबा. ते थांबणं नव्या मुलांना फार जड जातं. फितीवर मी सेकंद मोजायला लावते.

कर्जाचा विषय निघाला की आत्महत्येचा प्रश्न सरळ विचारा. “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने कल्पना डोक्यात घुसते, हा गैरसमज आहे. ‘हो’ आलं तर फवारणीचं औषध घरात कुठे आहे हे पुढचं विचारायचं, ते आजच शेजारी किंवा भावाकडे हलवायचं, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीत चोवीस तास चालतो. व्यसनासाठी १४४४६ आहे. दोन्ही तुमच्या ओळखपत्राच्या मागे लिहून ठेवा.

जेवणात मिसळायची गोळी

बायका कानाशी येऊन विचारतात, “त्याईले न सांगता भाजीत टाकायचं काही द्या न ताई.” त्यांचं दुःख खरं आहे, आणि बाजारात असल्या पुड्या विकणारे पुष्कळ आहेत. डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी गोळी. ती घेतलेल्या माणसाने दारू प्याली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. माहीत नसलेला माणूस सवयीप्रमाणे पव्वा लावणारच. म्हणून ही गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून, घरच्या कुणाच्या देखरेखीखालीच. बायकोला नुसतं ‘नाही’ म्हणून परत पाठवू नका. तिला बसवा, मारहाण होते का ते एकांतात विचारा, तिच्यासाठी वेगळी वेळ ठेवा. तो आला नाही तरी तिने येत राहावं.

तीन महिन्यांनी

अभ्यास मोडतो तो इथे. पहिल्या दिवशी नाव लिहिलेल्यातले किती जण शेवटी भेटले, यावर सगळं अवलंबून असतं, आणि जे भेटत नाहीत ते बहुतेक पुन्हा प्यायला लागलेले असतात. न भेटलेले वगळून केलेली टक्केवारी फुगीरच येते. त्यामुळे पहिल्याच दिवशी तीन संपर्क घ्या, त्याच्या परवानगीने: घरचा, कामावरचा, आणि किराणा दुकान किंवा पानठेल्याचा. दिवाळीनंतर कुठे जाता, ऊसतोडीला की वीटभट्टीला की पुण्याच्या बांधकामावर, हे विचारून ठेवा. फोन बायकोने किंवा पोराने उचलला तर ‘दवाखान्यातून तब्येत विचारायला’ एवढंच बोला. वणी-पुसदकडच्या माणसाला सोयाबीन काढणीच्या आठवड्यात बोलवू नका. तुम्ही शेतावर जा, संध्याकाळी, तो प्यायच्या आधी.

समुपदेशन ज्याने केलं त्याने निकाल मोजायचा नाही. स्वतःच्या रुग्णाने “ताई, सोडली” म्हटलं की कुणाचाही हात ‘० दिवस’ लिहायला पुढे सरकतो, आणि रुग्णालाही ताईला वाईट वाटू नये असंच वाटत असतं. तो कुठल्या गटात होता हे माहीत नसलेला तिसरा माणूस पाठवा. रुग्ण पुन्हा पीत असेल तर तेही तितक्याच शांतपणे लिहा, आणि तिथूनच त्याला परत उपचाराशी जोडा. पुन्हा सुरू झालेल्याला अभ्यासातून काढून टाकण्याची प्रथा कुठे दिसली तर जोरात बोला.

पुढे शिकायचं असेल तर गाझियाबादचं एम्सचं केंद्र आणि बेंगळुरूच्या निम्हान्सचं व्यसन उपचार केंद्र दोन्ही डॉक्टरांना, नर्सना, समाजकार्यकर्त्यांना शिकवतात. निम्हान्सचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत, गावात नोकरी करत करता येतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे जाऊन वॉर्ड कसा चालतो ते बघून या. कुठल्याही अभ्यासक्रमाला पैसे भरण्याआधी एकच विचारा: आमची सत्रं कोण ऐकणार आणि किती वेळा? उत्तर नसेल तर तिथे प्रमाणपत्र मिळेल, कौशल्य नाही.

अभ्यास संपल्यावर ज्या गावांनी वेळ दिला त्यांना निकाल सांगायला जा. ग्रामसभेत सगळ्या गावांचे मिळून आकडे सांगा, एका गावाचे वेगळे नकोत. साडेतीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘३० ते ३५ वयाची एक स्त्री’ असं फळ्यावर लिहिलं की सगळ्यांच्या माना एकाच घराकडे वळतात. पाचपेक्षा कमी माणसं असलेला रकाना दाखवायचाच नाही, शेजारच्या रकान्यात मिसळायचा. ज्याला स्वतःचा निकाल हवा असेल त्याला तो दवाखान्यात, एकट्याला, आणि त्याच्याच मापात सांगायचा: पूर्वी आठवड्याला सात पव्वे होते, आता दोन.